कोकणच्या पावसाचे, समुद्राचे आणि किनाऱ्याचे आकडे कोठे शोधावेत व कसे वाचावेत

आमच्याकडच्या ग्रामसभांत दोन वाक्ये हल्ली वारंवार ऐकू येतात. ‘पूर्वी असा पाऊस नव्हता’ हे एक, आणि ‘समुद्र आत आला’ हे दुसरे. दोन्ही खरी असू शकतात. पण जनसुनावणीत, नुकसानभरपाईच्या अर्जात किंवा फळपीक विम्याच्या तक्रारीत ती तशीच मांडली तर समोरचा अधिकारी ‘आधार काय?’ एवढेच विचारतो आणि पुढचा अर्ज हाती घेतो. आधार बहुतेक वेळा उपलब्ध असतो, पुष्कळदा विनामूल्य असतो आणि बराचसा सरकारनेच गोळा केलेला असतो. अडचण एवढीच की तो पुणे, हैदराबाद, चेन्नई, कोची, डेहराडून आणि थेट लिव्हरपूल असा विखुरलेला आहे, आणि प्रत्येक ठिकाणची मोजण्याची रीत निराळी आहे. डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या वाचकाने हा आधार कसा शोधावा, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो कोठे फसवतो, हे येथे सांगितले आहे.

आधी प्रश्न लिहून काढावा

संगणकापुढे बसण्यापूर्वी आपला प्रश्न एका वाक्यात कागदावर लिहावा, आणि त्या वाक्यात जागा, काळ व मोजायची वस्तू या तिन्ही गोष्टी याव्यात. ‘कोकणातले हवामान बदलले का?’ या प्रश्नाला कोणतीही फाइल उत्तर देत नाही. ‘आमच्या महसूल मंडळात गेल्या दहा वर्षांत एप्रिल आणि मे महिन्यांत किती दिवस पाऊस पडला?’ या प्रश्नाला देते. त्याच कागदावर गावाचे अक्षांश-रेखांश, महसूल मंडळाचे नाव, ज्या नदीच्या खोऱ्यात गाव येते ती नदी आणि जमिनीचा प्रश्न असेल तर सर्व्हे क्रमांक टिपून ठेवावा, कारण एका खात्याची माहिती मंडळानुसार, दुसऱ्याची खोऱ्यानुसार आणि तिसऱ्याची नकाशाच्या चौकटीनुसार लावलेली असते.

पाऊस

भारतीय हवामानशास्त्र विभागाची स्थापना १८७५ सालची आहे आणि त्याचे राष्ट्रीय विदा केंद्र, म्हणजे आकडेवारीचे भांडार, पुण्यात आहे. पुणे कार्यालयाच्या संकेतस्थळावरून १९०१ पासूनचा देशभराचा दैनंदिन पाऊस नकाशावर आखलेल्या चौकटींच्या स्वरूपात विनामूल्य उतरवून घेता येतो, आणि नेटसीडीएफ प्रकारातील ही फाइल क्यूजीआयएस या नकाशांच्या मोफत संगणकप्रणालीत उघडते. मात्र यातील एक चौकट पाव अंशाची, म्हणजे साधारण २७ किलोमीटर लांबी-रुंदीची असते. आपली किनारपट्टी समुद्रापासून सह्याद्रीच्या कड्यापर्यंत जेमतेम दोन चौकटींत संपते, तेव्हा एकाच चौकटीत पुळण (वाळूचा किनारा), खाडी आणि घाटपायथा एकत्र येऊ शकतात, आणि त्यांच्या पावसात जमीन-अस्मानाचे अंतर असते. शंभर वर्षांचा कल पाहायला ही फाइल उत्तम आहे. आपल्या वाडीतल्या एका दिवसाचा पाऊस सिद्ध करायला ती उपयोगाची नाही. उपग्रहावरून काढलेल्या पावसाच्या आकड्यांबाबत तर आणखी सावध राहावे, कारण डोंगराला अडून पडणारा पाऊस ते पुष्कळदा कमी दाखवतात.

अंतराने किती फरक पडतो, याचे उदाहरण आपल्या किनाऱ्यावरच आहे. २६ जुलै २००५ च्या त्या पावसात सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटरची नोंद झाली, आणि त्याच चोवीस तासांत कुलाब्याला सुमारे ७३ मिलिमीटर. शहर एक, दिवस एक, दोन्ही यंत्रे बिनचूक.

या उदाहरणात आणखी एक मेख आहे. हवामान विभागाचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला संपतो, आणि मोजमाप ज्या सकाळी होते त्या तारखेला ते नोंदले जाते. त्यामुळे लोकांच्या स्मरणात जो २६ जुलैचा पाऊस आहे, तो नोंदीत २७ जुलै २००५ रोजी सकाळी साडेआठला संपलेल्या चोवीस तासांचा असतो. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुराचा अभ्यास करणाऱ्याने २२ तारखेचा आकडा उचलला तर त्याच्या हाती खरे तर २१ च्या सकाळपासून २२ च्या सकाळपर्यंतचा पाऊस आलेला असतो, आणि २२ च्या दिवसभराचा पाऊस शोधायला २३ तारखेची ओळ पाहावी लागते. पुराची वेळ आणि पावसाची तारीख जुळत नाही म्हणून आकडेच खोटे आहेत, असा निष्कर्ष काढलेले एक निवेदन मी पाहिले आहे. चूक आकड्यांची नव्हती. चिपळूणच्या वाशिष्ठी नदीचा विचार करताना पावसाच्या जोडीला आणखी एक रकाना लागतो, तो कोयनेच्या वीजनिर्मितीनंतर पोफळीच्या बाजूने खाली सोडल्या जाणाऱ्या अवजलाचा, आणि तो हवामान विभागाकडे नव्हे तर जलसंपदा व वीजनिर्मितीच्या खात्यांकडे असतो.

मंडळ पातळीवरच्या पावसासाठी राज्याच्या कृषी विभागाचे ‘महारेन’ हे संकेतस्थळ पाहावे. महावेध प्रकल्पात राज्यभर मंडळनिहाय दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभारली आहेत, आणि आंबा-काजूच्या हवामान आधारित विम्यात अवेळी पाऊस, जास्त किंवा कमी तापमान आणि वेगाचा वारा हे धोके अशा संदर्भ केंद्रांच्या नोंदींवरूनच ठरतात. त्यामुळे बागायतदाराने विमा भरतानाच आपले संदर्भ केंद्र कोणते आणि ते प्रत्यक्ष कोठे उभे आहे, हे जाऊन पाहावे. केंद्राच्या डोक्यावर झाड आले आहे का, शेजारी पत्र्याची शेड उभी राहिली आहे का, याची तारखेनिशी छायाचित्रे ठेवावीत. हंगाम गेल्यावर ती काढून उपयोग नसतो. नोंदी उतरवून घेताना सलग शून्ये दिसली तर शेजारच्या दोन मंडळांशी ताडून पाहावे, कारण न पडलेला पाऊस आणि न मोजलेला पाऊस दोन्ही कागदावर सारखेच दिसू शकतात.

शब्दांचाही घोळ आहे. महसूल यंत्रणेच्या लेखी मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की ती अतिवृष्टी. हवामान विभाग ६४.५ पासून ११५.५ मिलिमीटरपर्यंतच्या पावसाला जोरदार, ११५.६ पासून २०४.४ पर्यंत अतिजोरदार आणि त्यापुढे अत्यंत जोरदार या श्रेणीत टाकतो. विदर्भात ६५ मिलिमीटरने शेत वाहून जाते. कोकणात जुलैच्या आषाढसरीत तेवढ्या पावसाला कोणी छत्रीचीही चौकशी करत नाही. म्हणून ‘यंदा अतिवृष्टीचे इतके दिवस’ अशी बातमी वाचताना कोणाची व्याख्या वापरली आहे ते आधी पाहावे. टक्केवारीचेही तसेच. ‘सरासरीच्या १२० टक्के’ यातली सरासरी सध्या १९७१ ते २०२० या काळाची असते, आणि त्याआधी ती १९६१ ते २०१० ची होती. दोन वेगळ्या सरासऱ्यांवरून काढलेल्या टक्केवाऱ्या एका तक्त्यात मांडू नयेत. शक्य तेथे टक्के सोडून मिलिमीटर घ्यावेत.

वादळांसाठी हवामान विभागाचा चक्रीवादळांचा ई-अ‍ॅटलास आहे, ज्यात १८९१ पासूनचे मार्ग मिळतात, आणि नवी दिल्लीचे प्रादेशिक विशेष केंद्र प्रत्येक वादळानंतर सविस्तर अहवाल काढते. ३ जून २०२० रोजी रायगड किनाऱ्यावर आलेल्या निसर्गचा आणि मे २०२१ मध्ये किनाऱ्याला समांतर गुजरातकडे गेलेल्या तौक्तेचा अहवाल शेजारी ठेवून वाचले तर एक वादळ किनाऱ्याला आडवे आणि दुसरे उभे गेल्याने नुकसानीचा पट्टा कसा बदलतो, हे चांगले समजते.

समुद्र किती चढला आणि पुळण किती गेली

हे दोन प्रश्न वेगळे आहेत आणि ते एकत्र केल्याने आपल्याकडील निम्मे वाद पोसले जातात.

पाण्याच्या पातळीसाठी लिव्हरपूल येथील पीएसएमएसएल ही संस्था १९३३ पासून जगभरच्या भरतीमापकांच्या मासिक आणि वार्षिक सरासऱ्या जमवते आणि कोणालाही देते. मुंबईच्या अपोलो बंदराची नोंद त्यात १८७८ पासून आहे, आणि हिंदी महासागरातील ही सर्वांत जुन्या नोंदींपैकी एक गणली जाते. दक्षिणेला गोव्यातील मुरगावचीही नोंद आहे. फाइल साधी असते, एका ओळीत वर्ष आणि त्यापुढे मिलिमीटरमध्ये पातळी. आकडे सात हजारांच्या आसपास दिसले म्हणून घाबरू नये, कारण ऋण संख्या येऊ नयेत यासाठी संदर्भपातळी मुद्दाम सरासरी समुद्रपातळीच्या सुमारे सात मीटर खाली धरलेली असते. मी ही फाइल पहिल्यांदा एक्सेलमध्ये टाकून आलेख काढला, तेव्हा अरबी समुद्र मधल्या काही वर्षांत शंभर मीटर खाली जाऊन पुन्हा वर आला होता. ज्या वर्षाची नोंद नाही तेथे उणे ९९९९९ असा आकडा लिहिण्याची त्यांची पद्धत आहे, हे मला ठाऊक नव्हते. अशा ओळी रिकाम्या कराव्यात, शून्य करू नयेत, आणि मगच आलेख काढावा.

स्वतः आलेख काढायचा नसेल तर पृथ्वी विज्ञान मंत्रालयाचा २०२० चा भारतीय प्रदेशाच्या हवामान बदलाचा आढावा उघडावा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या पुढाकाराने तो झाला आणि तो सर्वांना खुला आहे. त्यानुसार उत्तर हिंदी महासागराची पातळी १८७४ ते २००४ या काळात वर्षाला १.०६ ते १.७५ मिलिमीटर या वेगाने चढली, आणि १९९३ ते २०१७ या काळात हा वेग वर्षाला ३.३ मिलिमीटर झाला. आता हिशेब करावा. ३.३ मिलिमीटरने तीस वर्षांत पाणी दहा सेंटिमीटर चढते. पुळणीचा उतार पन्नास मीटरला एक मीटर धरला तर नुसत्या पाणी चढण्याने रेषा पाच मीटर आत येईल. एखाद्या गावची पुळण त्याच काळात चाळीस मीटर गेली असेल, तर लाटांनी वाळू हलवण्याचा वाटा धरूनही शेजारची जेटी, खाडीच्या मुखाचे गाळ काढणे, वाळूउपसा किंवा पलीकडच्या वाडीपुढे बांधलेला धूपप्रतिबंधक बंधारा यांची चौकशी केल्याशिवाय ‘हवामान बदल’ असे लिहून मोकळे होऊ नये. तसे लिहिणे काही जणांच्या फार सोयीचे असते.

किनाऱ्याच्या रेषेसाठी चेन्नईच्या राष्ट्रीय तटीय संशोधन केंद्राने उपग्रहचित्रांवरून देशाच्या किनाऱ्याचे नकाशे केले आहेत. १९९० ते २०१८ या काळात देशाच्या मुख्य भूमीचा सुमारे ३३.६ टक्के किनारा झिजला, तर महाराष्ट्राचा सुमारे पाव भाग. ही राज्याची सरासरी आहे. आपल्या गावासाठी नकाशाचे नेमके पान पाहावे लागते, कारण एका टोकाला झीज आणि दुसऱ्या टोकाला भर असे एकाच पुळणीवर घडत असते.

स्वतः ताडून पाहायचे असेल तर अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षणाच्या संकेतस्थळावर लँडसॅटची चित्रे १९७२ पासूनची, आणि युरोपच्या कोपर्निकस सेवेवर सेंटिनेल-२ ची दहा मीटर तपशिलाची चित्रे विनामूल्य मिळतात. पावसाळ्यात ढग असतात, म्हणून नोव्हेंबर ते मे या काळातली चित्रे निवडावीत. आणि येथे आजोबांचे गणित उपयोगी पडते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हे कोकणात दर्यावर्दी माणसाला सांगावे लागत नाही. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे दुपारच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे दुपारी बारापर्यंत ओहोटी. हे दोन्ही उपग्रह आपल्यावरून सकाळी दहा-अकराच्या सुमारास जातात. म्हणजेच पौर्णिमा-अमावास्येच्या चित्रात पाणी वर चढलेले आणि अष्टमीच्या चित्रात उतरलेले दिसणार. १९९५ चे अष्टमीचे चित्र आणि २०२३ चे पौर्णिमेचे चित्र शेजारी ठेवले तर न झिजलेली पुळणही झिजलेली दिसते. त्यामुळे दोन्ही चित्रे त्याच महिन्याची आणि जवळच्या तिथीची घ्यावीत, भरतीची नेमकी वेळ भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यांवरून किंवा हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्रविषयक माहिती देणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावरून पडताळावी, आणि पाण्याच्या कडेऐवजी सुरूच्या बनाची किंवा झाडोऱ्याची कड मोजावी, कारण ती भरतीबरोबर हलत नाही. लँडसॅटच्या १९८२ नंतरच्या बहुतेक चित्रांतला एक ठिपका जमिनीवर तीस मीटरचा असतो, त्याआधीच्या चित्रांत तो आणखी मोठा; त्याहून लहान बदलाचा दावा त्या चित्रावरून करू नये.

प्रकल्पाचा अहवाल हाती आला तर

पर्यावरण मंजुरीचे अर्ज, पर्यावरणावरील आघाताच्या मूल्यांकनाचे अहवाल आणि तज्ज्ञ समित्यांच्या बैठकींची इतिवृत्ते केंद्राच्या ‘परिवेश’ या संकेतस्थळावर असतात. १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणीपूर्वी किमान तीस दिवसांची सूचना द्यावी लागते, आणि अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालय व जिल्हा परिषदेत पाहायला ठेवून त्याचा सारांश मराठीतही द्यावा लागतो. सारांश वाचून थांबू नये. अहवालात सद्यःस्थितीच्या मोजमापांचे प्रकरण असते. हवा, पाणी आणि आवाज यांची मोजणी कोणत्या महिन्यांत आणि कोणत्या ठिकाणी केली, हे त्यातून एका कोऱ्या कागदावर उतरवून घ्यावे. ही मोजणी पुष्कळदा पावसाळा सोडून एकाच ऋतूत केलेली असते, आणि ज्या प्रदेशाचा जवळजवळ सगळा पाऊस चार महिन्यांत पडतो तेथील ओढ्यांविषयी फेब्रुवारीतले मोजमाप काय सांगणार, हा सुनावणीत विचारण्याजोगा प्रश्न आहे. मंजुरी मिळालेल्या प्रकल्पाने दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबरला अटींच्या पूर्ततेचा अहवाल द्यायचा असतो. तो मागून वाचणारे फार थोडे असतात.

किनारा नियमन क्षेत्राचे नकाशे महाराष्ट्र सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर आहेत. नकाशा उघडल्यावर तो २०११ च्या अधिसूचनेखालचा आहे की २०१९ च्या, हे प्रथम पाहावे. जुन्या अधिसूचनेत ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून दोनशे मीटरचा पट्टा ना-विकास क्षेत्र होता. नव्या अधिसूचनेत दर चौरस किलोमीटरला २,१६१ हून अधिक लोकवस्ती असलेल्या गावांत तो पन्नास मीटरवर आला, बाकीच्या ठिकाणी दोनशेच राहिला.

दरडींसाठी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेचे ‘भूकोश’ आहे. त्यातील दरडप्रवणतेचे नकाशे १:५०,००० प्रमाणाचे, म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर जमिनीवरचा अर्धा किलोमीटर. दरडीखाली गेलेल्या तळिये किंवा इर्शाळवाडीएवढी वस्ती अशा नकाशावर बोटाच्या टोकाखाली झाकली जाते, तेव्हा आपली वाडी कमी धोक्याच्या रंगात आली म्हणून निर्धास्त होऊ नये.

जंगल, मासळी आणि विहिरी

डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेचा अहवाल साधारण दोन वर्षांनी येतो, आणि त्यात रत्नागिरी-सिंधुदुर्गाचे वनाच्छादन पाहून बाहेरचा माणूस सुखावतो. या अहवालाच्या व्याख्येत एक हेक्टरहून मोठी आणि दहा टक्क्यांहून अधिक झाडोरा असलेली कोणतीही जमीन वनाच्छादनात धरतात, मालकी आणि वापर कोणताही असो. म्हणजे हापूसची बाग आणि काजूची लागवडही त्यात आली. देवराई तुटून काजू लागला तरी आकडा तसाच राहू शकतो.

मासळीसाठी कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे वार्षिक अंदाज वापरावेत. ते निवडक बंदरांवरच्या नमुना पाहणीवरून काढलेले असतात आणि बंदरावर उतरलेल्या मासळीचे असतात. आपल्या पाण्यात पकडून शेजारच्या राज्यात उतरवलेला बांगडा आपल्या खात्यावर येत नाही. राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाचे आकडे वेगळ्या पद्धतीचे आहेत, म्हणून एका आलेखात दोन्ही मिसळू नयेत.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशी चार वेळा मोजते. जांभ्यात पाणी जितके लवकर भरते तितकेच लवकर झिरपून जाते, त्यामुळे ऑक्टोबरचा आकडा पाहून काहीच कळत नाही. जानेवारी ते मार्च या दोन मोजण्यांतली घसरण पाहावी. शक्य असेल तर आपल्या विहिरीच्या कठड्यावर रंगाची एक खूण करून त्याच खुणेपासून दर पंधरवड्याला टेपने पाण्यापर्यंतचे अंतर घ्यावे.

जे संकेतस्थळावर नाही

संशोधनासाठी शोधगंगा आणि कृषीकोश या प्रबंधांच्या भांडारांत, तसेच गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संग्रहात पाहावे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी केलेली कामे कृषीकोशात सापडतात. शोधताना गावाच्या नावाची रोमन लिपीतली सगळी रूपे टाकावीत. मालवणातला ‘व’ कोठे ‘व्ही’ने तर कोठे ‘डब्ल्यू’ने लिहिलेला असतो, आणि हर्णै व वेंगुर्ले यांचे तर विचारू नये.

जे कोठेच नाही ते माहितीच्या अधिकारात मागावे. शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस, आणि महाराष्ट्रात अर्ज एका विषयावर दीडशे शब्दांत बसवावा लागतो. ‘पाणी का दूषित झाले?’ असे विचारल्यास उत्तर येत नाही, कारण कायदा अस्तित्वातल्या नोंदी देतो, कारणमीमांसा देत नाही. ‘अमुक केंद्रावरील अमुक दोन वर्षांच्या नमुन्यांच्या तपासणी अहवालांच्या प्रती’ असे मागावे. एका कार्यालयाने मला पंचवीस पानांच्या झेरॉक्स दिल्या, ज्यांत रकान्यांची शीर्षके कागदाबाहेर कापली गेली होती. कोणता आकडा कशाचा हे कळायला पहिले अपील करावे लागले. तेव्हापासून मी अर्जात ‘संगणकीय तक्त्याच्या स्वरूपात, रकान्यांची शीर्षके आणि एककांसह’ हे शब्द घालतो, आणि जे मिळेल त्यावर त्याच दिवशी कोणाकडून, कोणत्या तारखेला आणि कोणत्या नावाची फाइल आली ते पेन्सिलीने लिहून ठेवतो. संकेतस्थळांचे पत्ते बदलतात. सुनावणीच्या दिवशी दुवा उघडला नाही, तर पेन्सिलीतली ती ओळच पुढे करावी लागते.